हौशी पाइप बँडसाठी किल्ट: आठ यार्डांचा लोकरी, हलका आधुनिक, की पुण्यातच शिवलेला?

पथकसंयोजक (कर्वेनगर)

नमस्कार. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे बारा जणांचे एक हौशी पाइप बँड पथक (बॅगपाइप आणि ड्रम वाजवणारे) आहे. शाळेत शिकलेली वाद्ये नोकरी आणि संसाराच्या धावपळीत बाजूला पडली होती. ती आम्ही पुन्हा हाती घेतली आणि आता दर रविवारी सकाळी नियमित सराव होतो. आजवर काळी विजार, पांढरा सदरा आणि खांद्यावर टार्टनची, म्हणजे स्कॉटिश चौकटींच्या कापडाची, शाल असा आमचा वेश होता. येत्या हिवाळ्यातील कार्यक्रमांपासून सर्वांनी किल्ट (कमरेला गुंडाळायचे, मागे चुण्या असलेले, गुडघ्यापर्यंतचे स्कॉटिश वस्त्र) घालावा, असे बैठकीत एकमताने ठरले. मात्र कोणता किल्ट घ्यावा आणि कोणाकडून घ्यावा, यावर अद्याप एकमत होत नाही.

आमच्यासमोर चार पर्याय आहेत. पहिला पर्याय स्कॉटलंडमधील एखाद्या जुन्या, नावाजलेल्या किल्टकाराकडून सोळा औंसी लोकरी कापडाचा, आठ यार्डांचा, हाताने शिवलेला पारंपरिक किल्ट मागवण्याचा. दुसरा पर्याय ब्रिटनमधलाच, पण पॉलिव्हिस्कोस (पॉलिस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्रणाच्या) कापडाचा, पाच यार्डांचा आणि यंत्रावर शिवलेला. त्याची किंमत पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी पडते. तिसरा असा की टार्टनचे कापड तेवढे मागवावे आणि शिलाई कॅम्पात लष्करी गणवेश शिवणाऱ्या एखाद्या अनुभवी कारागिराकडून करून घ्यावी. चौथा पर्याय पथकातल्या तरुण मंडळींचा आहे: काळ्या सुती कॅनव्हासचा, दोन्ही बाजूंना खिसे असलेला युटिलिटी किल्ट.

माझा स्वतःचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण एखादी गोष्ट करायची तर ती तिच्या मूळ रूपात करावी असे मला मनापासून वाटते. परंतु पथकाचा निधी वर्गणीतून उभा राहतो आणि त्यातील प्रत्येक रुपयाचा जाब मला द्यावा लागतो. शिवाय पुण्याच्या हवेत इतके जाड लोकरी वस्त्र घालून तासभर संचलन करणे वादकांना झेपेल का, अशीही शंका आहे. वेगवेगळ्या उत्पादकांच्या संकेतस्थळांवरील छायाचित्रे पाहून शिलाईचा दर्जा कसा ओळखावा, वजनाचा आणि यार्डांचा प्रत्यक्षात किती फरक पडतो, आणि पुण्यात शिवलेला किल्ट स्कॉटिश किल्टच्या तोडीचा होऊ शकेल का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टीप आणि टाका (सदाशिव पेठ)

मी अनेक वर्षे कपड्यांच्या कारखान्यात कापणी विभागात काम केले आणि त्यानंतर रंगभूमीसाठी वेशभूषा तयार केली. त्या अनुभवातून सांगते, की पारंपरिक आणि आधुनिक हा भेद तूर्त बाजूला ठेवून प्रत्येक किल्ट कसा बांधला आहे तेवढेच आधी पाहा. दोन उत्पादकांमधील खरा फरक तिथेच असतो आणि किमतीतील बहुतेक तफावतही त्यातूनच येते.

सुरुवात कापडापासून करू. किल्टचे कापड दुहेरी पन्ह्याचे विणले जाते आणि मधोमध लांबीत कापून त्याच्या दोन पट्ट्या केल्या जातात. म्हणून चार यार्ड दुहेरी पन्ह्यातून आठ यार्डांचा किल्ट होतो. औंसाचा आकडा हा त्या दुहेरी पन्ह्याच्या एका यार्डाचे वजन असतो. सोळा औंसी कापडाचे चार यार्ड म्हणजे ६४ औंस, अर्थात सुमारे १.८ किलो. आतले काही कापड कापून टाकले तरी दीड किलोच्या वरच वजन कमरेवर राहते. तेरा औंसी मध्यम कापडाचा तेवढ्याच यार्डांचा किल्ट त्याहून सुमारे एक पंचमांशाने हलका होतो. दहा-अकरा औंसी कापड हलके समजले जाते. त्याहून हलके कापड चुण्या धरत नाही, म्हणून ते किल्टसाठी विचारातच घेऊ नये.

पारंपरिक किल्टला खाली दुमड नसते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कापडाचा विणीतला काठच खालची कड म्हणून ठेवलेला असतो, आणि त्यामुळे चुण्या खालपर्यंत एकसारख्या, धारदार पडतात. खालची कड दुमडून तिच्यावर यंत्राची टीप मारलेली दिसली, तर ते कापड किल्टसाठी म्हणून विणलेले नाही असे बहुधा समजावे; दुमडीमुळे प्रत्येक चुणीच्या टोकाला जाडी वाढते आणि चालताना ती चुणी अडखळत हलते. छायाचित्रात ही कड स्पष्ट दिसते. नसेल दिसत, तर उत्पादकाकडे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे, आणि ते देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडून घेऊ नये.

यानंतर मागच्या बाजूचा, कमरेपासून नितंबांपर्यंतचा शिवलेला भाग पाहावा. इथे कारागिराचा खरा कस लागतो. समजा, नितंबांचा घेर ४० इंच आहे. त्यातील साधारण निम्मा भाग समोरच्या सपाट ॲप्रनला जातो आणि उरलेल्या २० इंचांत चुण्या बसवायच्या असतात. चुण्या २७ धरल्या तर प्रत्येक चुणी नितंबांवर पाऊण इंचाच्या जरा आत दिसते, आणि कमरेकडे जाताना तीच चुणी निमुळती करत न्यावी लागते. हे करताना टार्टनच्या आडव्या रेघा एका चुणीवरून दुसऱ्या चुणीवर सरळ जुळून आल्या पाहिजेत. हाताने शिवणारा प्रत्येक टाक्याला रेघ जुळवून घेतो. यंत्रावर घाईने शिवलेल्या किल्टमध्ये रेघा पायऱ्यांसारख्या वरखाली झालेल्या दिसतात. तुम्ही फक्त पाठीमागून घेतलेले एक छायाचित्र लक्षपूर्वक पाहिले तरी निम्मा निर्णय होऊन जाईल.

बाहेरून न दिसणारा भागही तितकाच मोलाचा आहे. वरच्या भागात चुण्यांच्या आत कापडाचे थर साचून पाठ फुगीर होते, म्हणून बरेच किल्टकार आतले जादा कापड कापून टाकतात. पण ते कापल्यावर चुण्यांचा भार पेलण्यासाठी आतून कॅनव्हासचा आधार आणि चुण्यांना एकमेकींशी बांधणारी हातशिलाई द्यावी लागते, त्यावर सुती अस्तर लागते. हा आधार नसेल तर वर्षभरात चुण्या शिलाईच्या खालच्या टोकाशी ओढल्या जाऊन फाकू लागतात आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाहीत. स्वस्त किल्टमध्ये कात्री लागते ती नेमकी याच कामाला, कारण अशा हातशिलाईच्या किल्टला वीसेक तासांची मेहनत सहज पडते.

आता आपल्या पर्यायांविषयी. पुण्यात किल्ट चांगला शिवून होईल का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर. कॅम्पातील आणि खडकीतील गणवेश शिवणाऱ्या कारागिरांचा हात फार सफाईदार असतो आणि कमरपट्टी, बक्कल, अस्तर यांत त्यांना काही शिकवावे लागणार नाही. मात्र चुण्या टार्टनला जुळवून निमुळत्या करणे हे त्यांचे रोजचे काम नव्हे. म्हणून कुठूनतरी एक उत्तम दर्जाचा जुना लोकरी किल्ट मिळवून तो त्यांना अस्तर उसवून आतून दाखवावा. आधी रविवार पेठेतून साध्या चौकटीचे स्वस्त कापड आणून त्याचा एक नमुना शिवून घ्यावा, आणि तो पसंत पडल्यावरच परदेशी कापडाला कात्री लावू द्यावी. बारा किल्टांसाठी ४८ यार्ड, म्हणजे सुमारे ४४ मीटर दुहेरी पन्ह्याचे कापड लागेल. ते एकाच वेळी, एकाच रंगणीतले मागवावे, नाहीतर उन्हात शेजारी शेजारी उभे राहिल्यावर रंगात फरक दिसेल.

मी निर्णय घेणार असते, तर तेरा औंसी लोकरी कापड आणि पुण्याची शिलाई निवडली असती. दुसरा पर्याय वाईट नाही. यॉर्कशरमध्ये विणले जाणारे पॉलिव्हिस्कोस कापड दिसायला सुबक असते, घरी धुता येते आणि त्याच्या चुण्या उष्णतेने पक्क्या बसवलेल्या असतात. पण ते लोकरीसारखे डौलदार पडत नाही.

निवृत्त पाइपर (खडकी)

ताईंनी शिलाईविषयी जे लिहिले आहे त्यात मला भर घालता येणार नाही. मी वादकाच्या बाजूने लिहितो. आमच्या पलटणीच्या पाइप बँडचा गणवेश विजार आणि खांद्यावर टार्टन असा होता, आणि आपल्याकडील अनेक लष्करी पाइप बँडमध्ये तोच प्रघात आहे. किल्ट मी निवृत्तीनंतर नागरी पथकांबरोबर वाजवताना घातला, हलकाही आणि जडही.

वजन हा किल्टचा दोष आहे असे समजू नये. पथक पाऊल टाकत चालते तेव्हा मागच्या चुण्या एका लयीत डावी-उजवीकडे झुलतात आणि बारा जणांच्या चुण्या एकदम झुलल्या की पाहणाऱ्याला ढोलाचा ठोका डोळ्यांनी दिसतो. हे झुलणे वजनातून येते. हलक्या कापडाचा किल्ट वाऱ्याने उडतो, पायांना चिकटतो आणि प्रत्येकाचा वेगळा हलतो. उघड्या मैदानात जोराचा वारा सुटला आणि दोन्ही हात चँटरवर (बॅगपाइपच्या स्वरनळीवर) असले, म्हणजे कपडा सावरायला तिसरा हात नसतो, हे ज्याने वाजवले आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून तेरा औंसाच्या सूचनेशी मी सहमत नाही. सोळा औंस घ्यावे आणि खर्च व उकाडा कमी करायचा असेल तर आठऐवजी सहा यार्ड घ्यावेत.

उकाड्याची भीती थोडी अतिरंजित आहे. लोकर घाम शोषून घेते. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही. पॉलिस्टरमिश्रित कापडाला हे तितके साधत नाही, त्यामुळे वजनाने हलके असूनही उन्हात तेच अधिक नकोसे होते. शिवाय गुडघ्याखाली मोजे आणि मध्ये मोकळी हवा, त्यामुळे जाड विजारीपेक्षा मला तरी किल्टच बरा वाटला. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, तेव्हा सकाळच्या आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांना सोळा औंस अगदी योग्य आहे. खरा त्रास किल्टवरच्या जाकिटाचा होतो. ते टाळून सदरा आणि बिनबाह्यांचे वेस्टकोट ठेवले, तर एप्रिलमधली संध्याकाळसुद्धा निभावते. गणेशोत्सवाच्या दिवसांत मात्र किल्ट बाहेर काढूच नये. पावसात भिजलेला आठ यार्डांचा लोकरी किल्ट दोन दिवस वाळत नाही आणि त्या दमट हवेत घामही सुकत नाही. त्या कार्यक्रमांसाठी आपली विजार आणि शाल आहेच.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली, सर्वांच्या चुण्या एकाच पद्धतीच्या असाव्यात. चुण्या घालण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. एकीत मागच्या बाजूला टार्टनची पूर्ण चौकट पुन्हा उमटते, त्यामुळे किल्ट पुढून-मागून सारखा दिसतो; दुसरीत प्रत्येक चुणीच्या मध्यावर एकच ठरावीक रेघ येते. ही दुसरी लष्करी रीत आहे आणि संचलनात तीच शोभते, कारण चुणी हलली की उभ्या रेघांमधून आतला वेगळा रंग चमकतो. दुसरी गोष्ट पाइपरांच्या मापाची. कमरेचे माप घेताना पोट आत ओढून उभे राहू नये. पाइपरला पोटातून श्वास घ्यावा लागतो, आणि किल्ट बेंबीच्या वर, खऱ्या कमरेवर बसत असल्याने पट्टा आवळलेला असेल तर तिसऱ्या धुनेला दम कमी पडतो. ड्रम वाजवणाऱ्यांच्या किल्टचा ॲप्रन ड्रमच्या कडेला घासून लवकर विरतो, तेव्हा त्यांच्यासाठी आतून मजबुती घ्यावी.

खराडीकर

मी ग्लासगोत काही वर्षे शिकलो आणि तिथल्या मित्रांच्या लग्नांत भाड्याचे व विकतचे, दोन्ही प्रकारचे किल्ट घातले. आधुनिक किल्टच्या बाजूनेही येथे कोणीतरी नीट बोलले पाहिजे असे वाटते, म्हणून लिहितो.

आठ यार्डांचा, सुरीसारख्या धारदार चुण्यांचा किल्ट म्हणजेच परंपरा आणि बाकी सारी तडजोड, अशी समजूत संयोजकांच्या प्रश्नात दिसते. प्रत्यक्षात तो प्रकार एकोणिसाव्या शतकात रुळलेला आहे. त्याआधीचे शिवलेले किल्ट सुमारे चार यार्डांचे, रुंद पेटीसारख्या चुण्यांचे आणि बरेच साधे होते. आणि त्याहूनही आधी हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाचा, पुरुष न शिवलेले लांब कापड कमरेला चुण्या घालून पट्ट्याने बांधत असे व उरलेले खांद्यावर घेत असे, जवळपास आपल्या धोतर-उपरण्याच्या न्यायाने. १७४६च्या कायद्याने हायलँडच्या पेहरावावर बंदी आली तेव्हा लष्करातील हायलँड पलटणींना त्यातून सूट होती. बंदी १७८२मध्ये उठली. पुढे १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि किल्ट हा साऱ्या देशाचा समारंभी पोशाख होऊन बसला. आज ज्याला आपण पारंपरिक म्हणतो त्याची घडण अशी लष्कराच्या आणि दरबाराच्या हातून झालेली आहे. म्हणून चार-पाच यार्डांचा किल्ट घेतला तर आपण कशाशी तरी प्रतारणा करतो आहोत, हे ओझे पथकाने मनावर घेऊ नये. चांगल्या कापडाचा, पेटीच्या चुण्यांचा चार यार्डी किल्ट पुण्याच्या हवेला सोयीचा आहे, कापड निम्मे लागते आणि इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक जुना आहे.

आधुनिक किल्टकारांचे कामही एका मापाने मोजता येणार नाही. लीथ येथील किनलॉक अँडरसनसारखी १८६८पासून चालत आलेली पेढी एका टोकाला आहे. दुसऱ्या टोकाला एडिनबरोतील ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी किल्ट्स आहे, जिथे ट्वीड, डेनिम आणि चामड्याचेसुद्धा किल्ट होतात, पण शिलाईची शिस्त पारंपरिक असते. सिॲटलमध्ये २००० साली सुरू झालेल्या युटिलिकिल्ट्सने मजबूत सुती कापड, मोठे खिसे आणि बटणे असलेला कामाचा किल्ट लोकप्रिय केला. त्यात टार्टन नाही, स्पोरन (किल्टच्या पुढे लटकवायची पिशवी) लटकवण्याची गरज नाही, आणि तो स्वतःला पारंपरिक म्हणवतही नाही. आपल्या तरुण सदस्यांची मागणी त्या जातीची आहे आणि ती मला रास्त वाटते, फक्त ती मंचावरच्या गणवेशासाठी नको. सरावाला, प्रवासात, महाविद्यालयांतील अनौपचारिक कार्यक्रमांत काळा कॅनव्हास उत्तम चालेल. तो पुण्यातला कोणताही चांगला शिंपी शिवू शकेल, कारण त्यात चौकट जुळवायची नसते, आणि घामाने भिजला तर धुवायला टाकता येतो. खिशांत रीड (वाद्यात बसवायची स्वरपट्टी), रुमाल, मोबाइल राहतो हा फायदाही वादकाला लहान नाही.

पथकसंयोजक (कर्वेनगर)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पेटीच्या चुण्यांच्या चार यार्डी किल्टविषयी मला काहीच कल्पना नव्हती, आणि काकांनी वजनाविषयी जे लिहिले ते मी पथकात वाचून दाखवले. खराडीकरांची सरावाच्या कॅनव्हास किल्टची सूचना तरुण मंडळींनी तत्काळ उचलून धरली आहे, त्यामुळे चौथ्या पर्यायाचा वाद मिटला.

आता काही शंका उरतात. आमचे स्कॉटलंडमधील कोणत्याही घराण्याशी नाते नाही, तर टार्टन कोणते घ्यावे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते का? कापडांच्या यादीत एकाच टार्टनच्या पुढे मॉडर्न, एन्शंट, वेदर्ड असे प्रकार लिहिलेले आहेत. त्यांचा शिलाईशी काही संबंध आहे का? तसेच काही संकेतस्थळांवर आठ यार्डांचा किल्ट फारच अल्प किमतीत मिळतो, तो घ्यावा का? आणि ताई, मापे नेमकी कशी घ्यावीत तेही कृपया सांगावे, कारण कापड मागवण्याआधी यार्डांचा हिशेब पक्का करायचा आहे.

टीप आणि टाका (सदाशिव पेठ)

टार्टनसाठी नाते असण्याची कायदेशीर अट नाही. काही मोजकी टार्टन राखीव आहेत. उदाहरणार्थ, बाल्मोरल हे ब्रिटिश राजघराण्याचे आहे आणि ते टाळावे. स्कॉटलंडमध्ये २००८च्या कायद्यानुसार टार्टनची अधिकृत नोंदवही ठेवली जाते आणि ती २००९पासून सर्वांना पाहता येते. कोणत्या टार्टनवर निर्बंध आहे हे तिथे तपासता येईल. कोणाच्याही घराण्याचे नसलेले आणि सर्वांनी निःसंकोच घालावे असे टार्टन म्हणजे ब्लॅक वॉच. गडद निळा, हिरवा आणि काळा अशी त्याची रंगसंगती आहे. आपल्या धुळीत आणि उन्हात ते मळखाऊ ठरेल, शिवाय जवळजवळ प्रत्येक गिरणी ते विणते, त्यामुळे पुढे एखादा सदस्य वाढला तर कापड मिळण्याची अडचण येणार नाही. काकांनी सांगितलेल्या लष्करी चुण्याही त्यावर चांगल्या उठून दिसतात.

मॉडर्न आणि एन्शंट ही केवळ रंगांच्या छटांची नावे आहेत. मॉडर्न म्हणजे रासायनिक रंगांच्या गडद छटा, एन्शंट म्हणजे जुन्या वनस्पतिजन्य रंगांची आठवण देणाऱ्या फिकट छटा, आणि वेदर्ड म्हणजे उन्हापावसात विटल्यासारख्या तपकिरी, राखाडी छटा. पथकासाठी मॉडर्न घ्यावे. दोन गिरण्यांच्या एकाच नावाच्या छटा सहसा जुळत नाहीत, हे लक्षात ठेवून सारे कापड एकाच गिरणीचे असावे.

अल्प किमतीचे आठ यार्डी किल्ट बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे असतात. त्यावर लवकर गोळे येतात, गरम इस्त्रीने कापड चकाकते किंवा वितळते, आणि यार्डांचा दावा मोजून पाहिला तर अनेकदा खरा निघत नाही. त्यातील पुष्कळसा माल सियालकोटचा असतो. ते गाव बॅगपाइप आणि किल्ट यांच्या निर्यातीसाठी जगभर ओळखले जाते आणि तिथे काही कारागीर चांगलेही काम करतात. परंतु पाकिस्तानी मालावर २०१९मध्ये २०० टक्के आयातशुल्क बसले आणि मे २०२५पासून ती आयात पूर्णतः बंद आहे. तिसऱ्या देशामार्गे आलेल्या मालालाही ती बंदी लागू आहे. संकेतस्थळ लंडनचे किंवा दुबईचे असले तरी माल कुठून निघतो ते लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मापांबाबत पहिली सूचना अशी, की विजारीचे माप कधीही देऊ नये. पँट आजकाल कमरेच्या बरीच खाली नेसली जाते, किल्ट मात्र बेंबीच्या वर बसतो. खरी कमर, नितंबांचा सर्वांत रुंद घेर, कमरेपासून त्या घेरापर्यंतची उंची आणि कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी, अशी चार मापे लागतात. ती दुसऱ्याने घ्यावीत, कारण स्वतः वाकून पाहिले की लांबी बदलते. किल्ट घालून गुडघे टेकल्यावर त्याची कड जमिनीपासून इंचभर वर राहिली तर लांबी बरोबर आहे. बक्कले पुढेमागे सरकवून दोनेक इंचांचा फरक सामावता येतो, त्यामुळे एक सदस्य गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला तरी किल्ट वाया जात नाही. पण लांबी मात्र वाढवता येत नाही, कारण खाली सोडायला दुमडच नसते. म्हणून पथकातील उंच माणसांची मापे आधी घ्यावीत आणि पट्टीची रुंदी त्यांना पुरते की नाही ते गिरणीला विचारून मगच कापड ठरवावे.

वजन आणि यार्डांविषयी काकांशी माझा मतभेद आता उरलेला नाही. झुलण्याबद्दल त्यांनी दिलेले कारण मला पटले. सोळा औंसी कापड आणि सहा यार्ड घेतले, तर एका किल्टला तीन यार्ड दुहेरी पन्हा लागेल. बारा जणांचे ३६ यार्ड, म्हणजे सुमारे ३३ मीटर होतात. त्यावर नमुन्यासाठी आणि पुढील दुरुस्तीसाठी तीन यार्ड जादा घ्यावे. कापड आले की शिंप्याकडे देण्यापूर्वी प्रत्येक तुकडा उजेडात धरून विणीतले दोष तपासून घ्यावेत, कारण कात्री लागल्यावर कोणतीही गिरणी कापड परत घेत नाही.

निवृत्त पाइपर (खडकी)

ताईंचा हिशेब योग्य आहे. सांभाळण्याविषयी थोडे लिहितो, कारण पुण्यात लोकरी कपड्याचा खरा शत्रू पावसाळा आणि कसर हे दोघे आहेत. कार्यक्रमानंतर किल्ट लगेच कपाटात टाकू नये. रात्रभर पंख्याखाली कमरेकडून दोन चिमट्यांनी टांगून ठेवावा आणि मऊ ब्रशने धूळ झाडावी. ड्राय क्लीनिंग मोसम संपल्यावर एकदाच पुरे. चुण्या विस्कटल्या असतील तर त्यांवर मोठा धावदोरा घालून, ओला कपडा वर ठेवून इस्त्री दाबावी आणि थंड झाल्यावरच दोरा काढावा. जूनआधी सर्व किल्ट उन्हात दोन्ही बाजूंनी चांगले तापवून, जाड सुती पिशव्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालून बांधावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, ती वापरू नये. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा बाहेर काढून हवा द्यावी. प्रवासात घडी न घालता, चुण्यांच्या दिशेने आडवी गुंडाळी करून जुन्या मोज्याचा कापलेला पाय वरून चढवला की चुण्या हलत नाहीत. बारा जणांचे किल्ट एकाच ठिकाणी ठेवण्यापेक्षा ज्याचा त्याने घरी ठेवावा, म्हणजे एकाला कसर लागली तरी बाकीचे वाचतात. आतल्या अस्तरावर नावाची पट्टी मात्र शिंप्याकडूनच शिवून घ्या.